कोटेशनवरची ‘आरटीओ’ ही ओळ: गाडीच्या नोंदणीचा खर्च कसा उलगडून घ्यायचा

महाराष्ट्रात नवी गाडी घ्यायला गेलं की शोरूममधून एक कागद हातात येतो. त्यावर एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीज अशा ओळी असतात आणि खाली ठळक अक्षरांत ऑन-रोड किंमत. गिऱ्हाईक अ‍ॅक्सेसरीजवर घासाघीस करतं, इन्शुरन्सवर थोडं बोलतं, पण ‘आरटीओ’च्या आकड्याला हात लावत नाही. तो सरकारचा पैसा, त्यात कमी-जास्त होत नाही, असं आपण धरून चालतो.

सरकारी रकमेत कमी-जास्त होत नाही, हे खरंच आहे. पण म्हणूनच ती रक्कम गाडी बुक करण्याआधी घरी बसून जवळजवळ रुपयापर्यंत काढता येते. तिची सरकारी पावती निघते आणि त्या पावतीवर प्रत्येक शुल्काची वेगळी ओळ असते. जी रक्कम या पावतीवर नाही, ती नोंदणीची रक्कम नाही. शोरूमने तिला कोणतंही नाव दिलं असलं तरी ती शोरूमची आहे. पुढची सगळी तपासणी या एका कसोटीवर चालते.

सरकारकडे नक्की काय जातं

सगळ्यात मोठा वाटा मोटार वाहन कराचा असतो. तो राज्याचा कर आहे आणि खासगी गाडीला एकरकमी भरायचा असतो. बाकीची शुल्कं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ८१ खाली ठरलेली आहेत. ती देशभर सारखीच आणि कराच्या मानाने अगदी किरकोळ आहेत. दुचाकीचं नोंदणी शुल्क ३०० रुपये आणि खासगी कारचं ६०० रुपये. आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. गाडी कर्जावर असेल तर आरसीवर बँकेचं नाव चढवावं लागतं. त्याला आरटीओच्या बोलीत ‘एचपी चढवणं’ म्हणतात. त्याचे दुचाकीला ५०० आणि कारला १,५०० रुपये पडतात. शिवाय आरसी घरी पाठवण्याचा टपाल खर्च आणि सेवेच्या किंवा उपकराच्या एखाद-दोन ओळी पावतीवर येऊ शकतात.

नोंदणी म्हणून जे शुल्क आहे ते कारला ६०० रुपयेच आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. उरलेला जवळजवळ सगळा आकडा कराचा असतो. त्यामुळे कराचा दर नीट कळला की तपासणी जवळपास संपली.

व्यक्तीच्या नावावरच्या गाडीचे महाराष्ट्रातले दर असे:

दुचाकी: ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के, त्याहून मोठ्या इंजिनाला १२ टक्के.

पेट्रोल कार: किंमत १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, २० लाखांपुढे १३ टक्के.

डिझेल कार: याच टप्प्यांना १३, १४ आणि १५ टक्के.

सीएनजी आणि एलपीजी कारला आधी ७, ८ आणि ९ टक्के होते. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात त्यात एक टक्क्याची वाढ झाली आणि जुलै २०२५ पासून ती लागू आहे. जुन्या दरांचे तक्ते अजून इंटरनेटवर फिरतात, त्यामुळे सीएनजी गाडी घेताना तारीख बघूनच तक्ता वापरा.

इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब वेगळा आहे. बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणीचं शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केलं आणि राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानुसार मोटार वाहन करही माफ आहे. एचपी आणि कार्डासारख्या छोट्या ओळी राहू शकतात. इलेक्ट्रिक गाडीच्या कोटेशनवर ‘आरटीओ’समोर दहा-वीस हजारांचा आकडा दिसला, तर ही रक्कम कोणत्या शुल्काची हे लेखी मागायलाच हवं.

गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर दर २० टक्के लागतो. नऊ लाखांच्या पेट्रोल कारला व्यक्तीच्या नावावर ९९,००० रुपये कर, तर कंपनीच्या नावावर १,८०,०००. घसाऱ्याचा (गाडीची घटती किंमत खर्चात दाखवून आयकरात मिळणारा) फायदा मोजताना हा ८१,००० रुपयांचा फरक आधी धरावा. नंतर नाव बदलून तो परत मिळत नाही.

आकडा स्वतः काढा

कराचा पाया एक्स-शोरूम किंमत आहे आणि तिच्यात जीएसटी आधीच मिसळलेला असतो. विमा, वॉरंटी, फास्टॅग किंवा शोरूमने वरून बसवलेल्या अ‍ॅक्सेसरीज या पायात येत नाहीत. ऑन-रोड किमतीवर टक्के लावून बघितले तर हिशेब कधीच जुळणार नाही.

नऊ लाखांची पेट्रोल कार, व्यक्तीच्या नावावर, कर्ज काढून घेतलेली, असं उदाहरण घेऊ. कर ९९,०००, नोंदणी ६००, एचपी १,५००, स्मार्ट कार्ड २००. बेरीज १,०१,३००. टपाल आणि सेवेच्या किरकोळ रकमा धरल्या तरी आकडा याच्याच आसपास राहतो. कोटेशनवर ‘आरटीओ १,१२,०००’ असेल तर दहा हजारांहून जास्त रकमेचं स्पष्टीकरण शोरूमने द्यायचं आहे.

९०,००० रुपयांची ११० सीसी स्कूटर रोखीने घेतली तर कर ९,९००, नोंदणी ३००, कार्ड २००, म्हणजे १०,४००. कर्ज असेल तर १०,९००.

टप्प्याच्या काठावरच्या किमतीला जरा थांबून बघा. दर पूर्ण किमतीला लागतो, फक्त वरच्या भागाला नाही. ९,९९,००० च्या पेट्रोल कारला ११ टक्क्यांनी १,०९,८९० रुपये कर होतो. १०,०१,००० च्या कारला १२ टक्क्यांनी १,२०,१२०. किंमत दोन हजारांनी वाढली आणि कर दहा हजारांनी. शिवाय १० लाखांच्या वर टीसीएसही सुरू होतो, त्याबद्दल पुढे येईलच. त्यामुळे वरच्या व्हेरियंटमधली एखादी सोय खरोखर किती रुपयांना पडते, हे एक्स-शोरूममधल्या फरकावरून कळत नाही. दोन्ही व्हेरियंटचा कर काढून मग तुलना करा. याच कारणासाठी शोरूमच्या अ‍ॅक्सेसरीज गाडीच्या बिलात मिसळू देऊ नका. त्यांचं बिल वेगळं हवं. नाहीतर त्यांच्यावरही मोटार वाहन कर बसायचा.

आकडा चुकण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे जुनी किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. एक्स-शोरूम किंमत उतरली म्हणजे तिच्यावरचा करही उतरला. शोरूमच्या संगणकात वरची ओळ नवी आणि ‘आरटीओ’ची ओळ जुनी राहिली, तर गिऱ्हाईक जास्त पैसे भरतं आणि दोघांनाही पत्ता लागत नाही. किंमत बदलली की टक्के पुन्हा लावून बघा.

ऑन-रोडमध्ये मिसळलेल्या बाकीच्या रकमा

टीसीएस. गाडीची किंमत १० लाखांहून जास्त असेल तर शोरूम पूर्ण किमतीवर १ टक्का आयकर आगाऊ गोळा करतं. हे शुल्क नाही, तुमच्याच पॅनवर जमा होणारा कर आहे. विवरणपत्र भरताना तो तुमच्या करातून वजा होतो आणि देणं नसेल तर परत मिळतो. अट एवढीच की शोरूमने तो तुमच्या पॅनवर भरलेला असला पाहिजे. टीसीएस प्रमाणपत्र मागून घ्या आणि आयकर पोर्टलवर नोंद दिसते का ते बघा. पगारदार माणसाचे दहा-पंधरा हजार नुसते विसरल्यामुळे पडून राहतात, याचं फार वाईट वाटतं.

विमा. नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून हे चालू आहे. थर्ड पार्टीचे दर सरकारने ठरवलेले असतात, कंपनी बदलून ते बदलत नाहीत. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात नव्या कारचा तीन वर्षांचा हप्ता १,००० सीसीपर्यंत ६,५२१, १,५०० सीसीपर्यंत १०,६४० आणि त्यापुढे २४,५९६ रुपये असा होता, वर १८ टक्के जीएसटी. ओन डॅमेज आणि अ‍ॅड-ऑन (म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आणि त्यावरचं जास्तीचं संरक्षण) यांची किंमत मात्र कंपनीगणिक बदलते आणि शोरूमचं कमिशन त्यातच असतं. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दुसरं कोटेशन आणताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि अ‍ॅड-ऑन तेच ठेवा, नाहीतर तुलना खोटी ठरते. तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर तो पुन्हा लावायची गरज नाही. ही ओळ काढून टाकायला सांगा.

नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) उत्पादकानेच द्यायची आहे आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. नव्या गाडीच्या कोटेशनवर ‘नंबर प्लेट’ची वेगळी ओळ असू नये. त्याआधीच्या जुन्या गाड्यांना राज्याने ठरवून दिलेले दर दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी असे आहेत, म्हणजे ५३१ आणि ८७९.१० रुपये.

फास्टॅग. नव्या कारला तो लावूनच यावा लागतो. त्यासाठी घेतलेल्या रकमेत थोडा भाग टॅगचा, थोडा परत मिळणाऱ्या अनामतीचा आणि उरलेला टोलला वापरायच्या शिल्लकीचा असतो. हे तीन आकडे वेगळे मागा आणि शिल्लक खात्यात खरोखर दिसते का ते बघा.

हँडलिंग, लॉजिस्टिक्स, फाइल चार्ज, आरटीओ सर्व्हिस. ही सगळी शोरूमची नावं आहेत आणि यातलं एकही सरकारी पावतीवर येत नाही. सगळ्यात त्रासदायक प्रकार हा, की ही रक्कम वेगळी न दाखवता ‘आरटीओ’च्या आकड्यात मिसळली जाते. शोरूमला स्वतःच्या कामाचे पैसे हवे असतील तर त्याने ते स्वतःच्या नावाने, जीएसटीच्या बिलावर मागावेत. मग द्यायचे की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल. सरकारच्या नावाआड ते घेणं चूकच आहे.

तात्पुरती नोंदणी. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे गाडी नोंदवता येते आणि डीलरमार्फत नोंदवलेली पूर्ण तयार गाडी आरटीओत दाखवायला न्यावी लागत नाही. राज्यातल्या राज्यात घेतलेल्या कारच्या कोटेशनवर तात्पुरत्या नोंदणीची किंवा ‘पासिंगसाठी गाडी नेण्याची’ रक्कम असेल तर कारण विचारा. पसंतीचा नंबर तुम्ही मागितलेला नसेल तर त्याचेही पैसे लागत नाहीत, नंबर क्रमानेच मिळतो.

बुकिंगआधी पाठवायचा मजकूर

तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं आणि नंतर ते कुणालाच आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने हा मजकूर पाठवा:

“कृपया ऑन-रोड किंमत पुढील ओळींत वेगळी करून द्यावी. एक्स-शोरूम (जीएसटीसह). मोटार वाहन कर, दर टक्क्यांत. नोंदणी शुल्क. एचपी नोंद. स्मार्ट कार्ड व टपाल. विम्यातले थर्ड पार्टी, ओन डॅमेज आणि अ‍ॅड-ऑन वेगवेगळे. टीसीएस. फास्टॅगची अनामत व शिल्लक. शोरूमचे स्वतःचे आकार, प्रत्येकाच्या नावासह. नोंदणीची सरकारी पावती आल्यावर कर व शुल्काच्या रकमेत फरक निघाल्यास तो परत मिळेल, हेही लिहून द्यावे.”

शेवटचं वाक्य गाळू नका. बरीच शोरूम ‘आरटीओ’चा आकडा अंदाजे म्हणून थोडा वर धरतात. त्यात गैर काही नाही, पण उरलेले पैसे आपणहून परत येतीलच असं नाही. ही अट बुकिंगची रक्कम देण्याआधी मान्य करून घ्यावी, कारण नंतर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

पैसे भरताना प्रत्येक रकमेची शोरूमच्या नावाची पावती घ्या. विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर ‘आरटीओचे’ म्हणून पैसे पाठवू नका.

पावती मिळवा आणि ताडा

डीलर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर तुमचा अर्ज भरतो तेव्हा अर्ज क्रमांक तयार होतो आणि नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश येतो. इथे एक चूक फार होते. शोरूमचा कर्मचारी घाईत स्वतःचा किंवा एजंटचा मोबाइल क्रमांक टाकतो. मग पावतीचे संदेश तुमच्याकडे येतच नाहीत, आणि पुढे एचपी उतरवताना, पत्ता बदलताना किंवा गाडी विकताना ओटीपी भलत्याच फोनवर जातो. अर्जात स्वतःचाच क्रमांक टाकला आहे ना, हे समोर बसून बघा. त्याच वेळी नावाचं स्पेलिंग, चासी आणि इंजिन क्रमांक, इंधन आणि बँकेचं नाव डोळ्यांखालून घाला. फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज आणि फॉर्म २१ हे विक्री प्रमाणपत्र. दोन्हींत तपशील एकसारखा असला पाहिजे.

पावतीची प्रत शोरूमकडून मागा. ‘आरसी आली की झालं, पावती कशाला’ असं उत्तर मिळेल, पण आरसीवर शुल्काचा तपशील नसतो. अर्ज क्रमांक हाती असेल तर परिवहन पोर्टलवरून पावती स्वतःही काढता येते. मग तीन गोष्टी क्रमाने बघा. कराची रक्कम बिलावरच्या गाडीच्या किमतीच्या ठरलेल्या टक्क्यांइतकी आहे का. कर्ज नसताना एचपीची ओळ लागली आहे का. आणि पावतीची बेरीज कोटेशनवरच्या ‘आरटीओ’ आकड्याशी किती जुळते.

नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. कायद्यानेही डीलरने नोंदणी क्रमांक लावूनच गाडी द्यायची आहे. गाडी घरी आली की पावतीचा पाठपुरावा दोन्ही बाजूंनी सैल पडतो.

फरक निघाला तर

आधी शोरूमच्या व्यवस्थापकाला ईमेल करा. कोटेशन, भरणा आणि सरकारी पावती जोडा आणि फरकाचा एकच आकडा लिहा. तो परत द्यायला मुदत द्या, पंधरा दिवस पुरेसे आहेत. लांबलचक तक्रारीपेक्षा तीन कागद आणि एक आकडा जास्त काम करतात. उत्तर आलं नाही तर गाडीच्या उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागाला तोच ईमेल पाठवा. डीलरला धंद्यासाठी लागणारं ट्रेड सर्टिफिकेट परिवहन खातंच देतं, त्यामुळे स्थानिक आरटीओकडे लेखी तक्रार देता येते. तिची पोच घ्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. बिल किंवा पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे रकमेवर वाद असला तरी पावती नाकारण्याची तक्रार वेगळी उभी राहते.

नोंदणीनंतरचे खर्च

जुनी गाडी राज्यातल्या राज्यात घेताना फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलायचं असतं. शुल्क नव्या नोंदणीच्या निम्मं, म्हणजे दुचाकीला १५० आणि कारला ३०० रुपये, वर कार्डाचे २००. एजंट याचे काही हजार सांगतात तेव्हा त्यातले सरकारी किती आणि मेहनतान्याचे किती, हे वेगळं विचारा. कर्ज फिटल्यावर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन एचपी उतरवून घ्या. बँक हे काम आपणहून करत नाही आणि विक्रीच्या वेळी हीच नोंद आडवी येते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपल्यावर नूतनीकरण दुचाकीला १,००० आणि कारला ५,००० रुपये. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांपुढच्या गाडीला हेच २,००० आणि १०,००० झालं. नूतनीकरणाला उशीर केला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि कारला ५०० रुपये वाढत जातात. राज्याचा पर्यावरण कर त्याहून वेगळा. जुनी कार ठेवायची की काढायची हे ठरवताना या रकमा एकत्र मांडाव्यात.

एकरकमी कराची मूळ पावती गाडी आहे तोवर जपा. गाडी कायमची परराज्यात नेली किंवा मुदतीआधी मोडीत काढली तर उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागता येतो, आणि तो मागताना कर कधी आणि किती भरला हे दाखवावं लागतं.

शोरूम, पतसंस्था आणि ग्राहक संघटनांसाठी

ज्या शोरूमला हा व्यवहार स्वच्छ ठेवायचा आहे, वाहन कर्ज देणाऱ्या ज्या पतसंस्थेला सभासदांची काळजी आहे, किंवा ज्या ग्राहक संघटनेला मदत केंद्र चालवायचं आहे, त्यांनी एक पानी दरपत्रक लावावं. प्रत्येक ओळीला पाच रकाने पुरतात: रकमेचं नाव, रक्कम किंवा दर, पैसे कोणाकडे जातात, सक्तीची की ऐच्छिक, आणि दर कोणत्या तारखेपासून लागू आहे. ‘पैसे कोणाकडे जातात’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात राज्य सरकार, केंद्रीय नियमांखालचं शुल्क, विमा कंपनी, आयकर खातं, बँक किंवा ‘आम्ही’ यांपैकी एकच उत्तर लिहायचं. ‘इतर’ आणि ‘किरकोळ’ हे शब्द वापरायचे नाहीत.

त्याखाली त्याच शोरूममध्ये जास्त खपणाऱ्या दोन-तीन मॉडेलांचा पूर्ण हिशेब मांडावा, एक रोखीचा आणि एक कर्जाचा. तक्त्याचा दर बघून प्रत्येकाला बेरीज जमेलच असं नाही, तयार उदाहरण मात्र सगळ्यांना कळतं. कराच्या टप्प्याजवळ किंमत असलेलं एखादं मॉडेल असेल तर ते उदाहरणात मुद्दाम घ्यावं. राज्याच्या अर्थसंकल्पानंतर, जीएसटी बदलल्यावर आणि उत्पादकाने किंमत फिरवली की त्या दिवशीच पान बदलावं आणि जुनं काढून टाकावं.